परदेशी अजगराचं पोट आणि माझे हात

ये व, जवळ ये. अशी उंबरठ्यावर एक पाय आत, एक बाहेर ठेवून काऊन उभी राहते? मागल्या वेळी आली तेव्हा ओट्यावरच चहा घेतला, लुगड्याचा काठ वर धरून बसली आणि ज्या ऑटोनं आली त्याच ऑटोनं परत गेली. सौंदडवरून गाडीत बसून इथवर यायचं आणि मोठ्या बहिणीच्या घरात पाय टाकायचा नाही, हे बरं दिसते का? वर आपल्या आळीत सांगत सुटली म्हणे, आमच्या बाईनं घरात साप आणून ठेवला. ठेवला. पण कोणाचा, कायले, आणि त्याच्यापायी दोन महिने माझ्या घशाखाली घास कसा उतरत नव्हता, हे तू एकदाही विचारलं नाही. तोंडानं सांगायला बसलं की तू मधेच उठते, म्हणून हे वहीत लिहून तुझ्याकडे पाठवून राहिली आहे. लिहिलेलं तरी बसून वाचशील. इकडे सापाच्या पेटीचं झाकण बंद आहे, कडीही लावलेली आहे. बस.

आधी हे सांगते की तो आपल्याकडचा साप नाही. धुऱ्यावर दिसते ती धामण नाही, आपल्या जंगलातला अजगर नाही. आपले साप पाळणं गुन्हा आहे, त्यात पोलीस आणि वनखातं दोन्ही येतात. हा आफ्रिकेकडला, लहान जातीचा अजगर. पुरता वाढला तरी चार-साडेचार फूट, आणि जाडी माझ्या मनगटाएवढी. विष नाही. भ्याला की चेंडूसारखा गोळा होतो आणि डोकं त्या गोळ्यात लपवतो, म्हणजे तू त्याला भिते आणि तो तुला भितो. त्याची सरकारात नोंद आहे, कागद आहेत. ते कागद माझ्या नातीच्या नावावर आहेत, कारण तो तिचा आहे.

नात म्हणजे माझ्या लेकीची पोरगी. लहानपणी चार वर्षं माझ्याजवळ राहिली, आता नागपूरला नोकरी करते. दसऱ्यानंतर कंपनीनं तिला चार महिने हैदराबादला शिकायला पाठवलं. तिच्या आईनं सांगून टाकलं की घरात एक तर तो राहील नाही तर मी. म्हणून पोट्टी एका दुपारी गाडीत काचेची पेटी घालून फुलचूरला माझ्या दारात उभी राहिली.

"आजी, चार महिने सांभाळशील याले?"

"खाते काय?"

"उंदीर. दहा-बारा दिवसांतून एक."

"आन् मंधात?"

"मंधात पानी."

"उपाशी ठेवते व त्याले?"

"उपाशी नाही आजी. त्याचं पोटच तसं हाय. आपल्यासारखी आत भट्टी पेटलेली नसते त्याच्या. बाहेरून ऊब भेटली तर पचते, नाही तर पोटातच सडते."

मी मान हलवली. लेकरं काही शिकून आली की आपण जशी मान हलवतो तशी. तिनं फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. पेटीच्या एका बाजूला खालून गरम पट्टी आहे, ती बंद करायची नाही. गरम बाजूचं तापमान इतकं, थंड बाजूचं इतकं. उंदीर त्याच्या अंगाच्या जाडीपेक्षा मोठा द्यायचा नाही. नाही खाल्ला तर उचलून घ्यायचा, रोज रोज पुढे करायचा नाही. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही.

उंदीर जिवंत नसतात, हे तुझ्या माहितीसाठी. बर्फात गोठवलेले येतात, पांढरे, साबणाच्या वडीसारखे पिशवीत बांधलेले. त्यांच्यासाठी पोट्टीनं निराळा लहान फ्रिज आणून दिला. माझ्या वाटाणे ठेवायच्या फ्रिजमध्ये ते गेले नाहीत, तू तशी वार्ता उठवली असली तरी. उंदीर कोमट पाण्यात ठेवून मोकळा करायचा, पुसून लांब चिमट्यानं त्याच्या तोंडापुढे धरायचा. त्याचं भांडं, त्याचा चिमटा सगळं निराळं. भांड्याच्या काठाला मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला.

कागद मी रोज वाचत होती. चौथीच शिकली, पण वाचायला मला लागते. किराण्याच्या पुड्याचा कागदही मी उलगडून वाचते. वाचूनही मी जे केलं ते केलं. ते का केलं हे तुला कळेल, कारण माझा धंदा तू पाहिला आहे. धंदा म्हणजे पैशाचा नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या आळीतली तान्ही लेकरं माझ्याकडेच येतात. लेकरू रडून राहिलं, पाय पोटाशी घेऊन राहिलं, की आया त्याला माझ्या मांडीवर आणून टाकतात. मी बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावते, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून गालाला लावून पाहते आणि मग शेकते, कोमट तेलानं पोट गोल गोल चोळते, पाय दुमडते. हवा सरते, लेकरू झोपते. तुझ्या दोन्ही पोरांची पोटं याच हातांनी उतरवली आहेत. फुगलेलं पोट दिसलं की माझे हात आपोआप तेलाच्या वाटीकडे जातात.

पहिले दोन उंदीर त्यानं झटकन घेतले. दिवे लागायच्या वेळी चिमटा पुढे केला की मान मागे, मग एकदम पुढे, आणि उंदराला तीन वेढे. मग तोंड एवढं उघडायचा की मी पदर तोंडाला लावून पाहायची. गिळून झालं की दोनदा जांभई द्यायचा, जबडा जागेवर बसवायचा. आठ-नऊ दिवसांनी शी करायचा. मी पोट्टीला फोनवर सगळं सांगायची.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि त्यानं खाणं सोडलं. एकदा दिला, तोंड फिरवलं. दहा दिवसांनी दिला, पुन्हा तेच. पोट्टी म्हणाली, "थंडीत असं करतात आजी, घाबरू नको." पण घरात एक जीव आहे आणि तो वीस-बावीस दिवस जेवला नाही, हे मला कुठून सोसणार? तू तर जाणते, माझ्या घरी बिल भरायच्या कामाला आलेला माणूसही खाल्ल्याशिवाय गेला नाही. मी त्याच्या पेटीजवळ बसून जेवायलाही लाजायची. ताट उचलून चुलीकडे जायची.

त्यात मी आणखी एक केलं. पेटीत खाली नुसता कागद अंथरलेला, मला ते बरं दिसेना. माझं जुनं मऊ लुगडं चौघडी करून त्याच्या खाली घातलं, गरम पट्टीच्या बाजूला. थंडीचे दिवस, बाळंतिणीला घालतो तसं. ऊब खालून येत होती आणि मी तिच्या वाटेत लुगडं घालून ठेवलं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तापमान दाखवायचं यंत्र पेटीच्या वरच्या बाजूला होतं, ते पाहायचं मी विसरून गेली.

मग एका संध्याकाळी त्यानं उंदीर घेतला. मला इतका आनंद झाला की शेजारणीला सांगून आली. दुसऱ्या दिवशी पाहते तर पोटातला फुगवटा जसाच्या तसा. अंगाच्या मधोमध, लिंबाएवढा, टणक. एरवी दुसऱ्या दिवशी तो फुगवटा खाली सरकलेला, पसरलेला दिसायचा. आज नाही. आणि तो अंग वेडंवाकडं करून राहिलेला. माझ्या मनानं घेतलं की अडकलं.

त्याच दिवशी सकाळी समोरच्या घरची सून आपलं दीड महिन्याचं लेकरू घेऊन आली होती. त्याचं पोट मी उतरवून दिलं होतं. तेलाची वाटी अजून ओट्यावर होती, तेल कोमट होतं. मी हात शेकले, पेटी उघडली आणि त्याला मांडीवर घेतला. फ्रिजवरचा कागद मला बसल्या जागेवरून दिसत होता. मी दोन बोटांनी फुगवट्याच्या वरून खाली, वरून खाली, हळूहळू चोळत राहिली. तो शांत पडून राहिला. मला वाटलं त्याला बरं वाटून राहिलं. भेदरला होता तो, हे मला आता कळते. अर्धा तास चोळून मी त्याला परत ठेवला.

सकाळी खोलीचं दार उघडलं आणि वासानं मागे सरली. मेलेल्या ढोराचा वास असतो तसा. उंदीर बाहेर पडलेला, अर्धा पचलेला, केस गळून गेलेले, सगळं चिकट. तो दुसऱ्या कोपऱ्यात गोळा होऊन पडलेला. मी नाकाला फडकं बांधून सगळं काढलं, पेटी पुसली, लुगडं फेकलं. आणि मग दुसरं घडीचं लुगडं काढून पेटीत घातलं.

पोट्टीचा फोन आला. "कसा हाय?"

"बरा हाय."

"जेवल्यावर हात नाही लावला ना?"

"कायले लावू?"

"फोटो पाठव."

मी पहिल्या आठवड्यातला फोटो पाठवला.

हे लिहितानाही कान गरम होतात. पण खरं लिहायला बसली आहे तर हेही लिहिते. मला वाटलं, एक उलटी झाली, पोट रिकामं झालं, आता दोन दिवसांत काही पोटात गेलं की ताकद येईल. लेकरू ओकलं की आपण थोड्या वेळानं पुन्हा पाजतो. मी तिसऱ्या दिवशी दुसरा उंदीर दिला. त्यानं घेतला. मी देवासमोर उदबत्ती लावली. या वेळी मी चोळलं नाही, नुसतं एकदा बोटानं दाबून पाहिलं की उतरून राहिलं की नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तोही ओकला.

त्यानंतर तो बदलला. पाठीचा कणा वर आला, सुताराच्या रंध्यानं धार काढल्यासारखा. अंगाच्या बाजूला कातडीच्या चुण्या पडल्या. आधी पेटीजवळ गेली की जीभ बाहेर काढून वास घ्यायचा, आता डोकंही उचलत नव्हता. शेजारीण पाहायला आली आणि म्हणाली, "बाई, दूध देऊन पाहा."

"दूध नाही चालत त्याले."

"नागपंचमीले तर पितात."

"तहानेनं जीव जाऊन राहिलेला जीव काहीही पिते व. अंगी नाही लागत."

हे मला कागदावरूनच माहीत होतं. म्हणजे मला पटेल तेवढं मी वाचत होती.

पोट्टीचा जीव त्याच्यात आहे, हे मला ठाऊक होतं. नोकरीतल्या पहिल्या वर्षी ती एकटी खोली घेऊन राहत होती तेव्हा हाच तिच्या सोबतीला होता. ती परत आल्यावर रिकामी पेटी दाखवायची, आणि तेही माझ्या हातानं. मी दोन दिवस त्याच विचारात काढले आणि तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन ढोरांच्या दवाखान्यात निघाली.

कापडी पिशवीत त्याला घातला, पिशवी झाकण असलेल्या बांबूच्या टोकनीत, टोकनीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. ई-रिक्षा थांबवली. रिक्षावाला बाजारपेठेतला, हिंदी बोलणारा.

"अम्मा, टोकनी में क्या है? मुर्गी?"

"अजगर."

"अच्छा मजाक करते हो आप."

रेल्वे फाटकाजवळ रिक्षा थांबली तेव्हा पिशवी थोडी हलली. त्यानं आरशात पाहिलं. मी उतरताना तो म्हणाला, "वापसी में दूसरा देख लेना, अम्मा."

दवाखान्यात माझ्यापुढे एक गाय आणि दोन शेळ्या होत्या. डॉक्टर तरुण नाही, म्हातारा नाही, आस्तीन वर केलेला माणूस. टोकनीत पाहून म्हणाला, "आजी, मी गाई-म्हशी पाहतो. याचं मला काही येत नाही."

"पोट तर पोटच असते ना, साहेब."

"नाही असत. गाईला चार कप्पे असतात, तुम्हाला एक. म्हणून तुम्ही तिच्यासारखं कुटार खात नाही."

त्यानं त्याला परत पाठवला नाही, हे त्याचे उपकार. तोंड उघडून पाहिलं, फेस नाही, श्वासाची घरघर नाही म्हणाला. मग नागपूरला त्याच्याबरोबर शिकलेल्या एका बाईला फोन लावला. ती साप, कासवं, पोपट असलेच जीव पाहते. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. गायवाला आणि शेळ्यावाली दोघंही जवळ सरकून ऐकायला लागले.

बाईनं विचारलं, "किती वेळा उलटी?"

"दोनदा."

"दोन्हींत किती दिवसांचं अंतर?"

"तीन दिवस."

"पहिल्या उलटीनंतर किती दिवसांनी खाऊ घातलं?"

"दोन दिवसांनी."

"खाल्ल्यावर त्याला उचललं होतं का?"

मी टोकनीकडे पाहिलं. गायवाला माझ्याकडे पाहून राहिला होता. खोटं बोलायला जागा नव्हती, आणि खोटं बोलून टोकनीतला जगणार नव्हता. मी म्हणाली, "पोट चोळलं बाई. तेल लावून. अर्धा तास. आन् ऊब म्हणून पेटीत खाली लुगडं घातलं."

शेळ्यावाली हसली. डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं तशी ती गप्प झाली. फोनवरची बाई हसली नाही. तिनं मला सावकाश समजावलं, आणि तिचं बोलणं मला पोट्टीच्या कागदापेक्षा नीट समजलं, कारण या वेळी मी ऐकून राहिली होती. साप जेवला की त्याचं पोट नव्यानं जागं होते. आतडी जाड होतात, पचवायचा रस तयार होतो, त्याला ऊब आणि शांतता लागते. ऊब नाही भेटली तर रस चालत नाही, उंदीर आत सडायला लागते. हात लावला तर तो भितो आणि पळायला हलकं व्हावं म्हणून पोटातलं टाकून देतो. टाकलं की तो रस घसा जाळत बाहेर येतो. घसा सोललेला, पोटातला रस संपलेला, आणि मी त्यावर दुसरा उंदीर घातला.

"मंग आता काय देऊ?" मी विचारलं.

"काही नाही."

"औषध?"

"काही नाही. पंधरा दिवस पोट रिकामं. पाणी ताजं, गरम बाजू गरम. ते कापड काढून टाका. हात लावू नका, पेटीवर टकटक करू नका. पंधरा दिवसांनी नेहमीच्या निम्म्याहून लहान उंदीर द्या. तिसऱ्यांदा ओकला किंवा तोंडाला फेस आला तर गाडी करून माझ्याकडे आणा."

"पंधरा दिवस काहीच नाही?"

"आजी, हेच औषध आहे."

घरी आल्यावर मी आधी पेटीतलं लुगडं काढलं. मग पोट्टीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. जुन्या फोटोचंही.

ती म्हणाली, "आजी, मी कागद कायले लिहून ठेवला होता?"

"वाचला व मी."

"मंग?"

"मले वाटलं, हे ज्याले काही येत नाही त्याच्यासाठी लिहिलं हाय. मले तर पोटाचं येते."

ती रडायला लागली. मला म्हणाली, तो मेला तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मी म्हणाली, नको बोलू. नाक पुसून ती म्हणाली, "पेन आण. कागदावर खाली लिही. पोट चोळायचं नाही. लिही, मी फोनवर हाय."

मी लिहिलं. ती म्हणाली, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं.

ते पंधरा दिवस मी कसे काढले विचार. सकाळी पाणी बदलायचं, यंत्रावरचे आकडे वहीत मांडायचे, संपलं. हाताला दुसरं काम नाही. दिवसभर तो डोळ्यांपुढे आणि मला काही करायची मनाई. लेकरू आजारी असलं की आपण निदान कपाळावर हात ठेवतो. इथे तोही नाही. मी हाताला काम म्हणून पाच किलो मोहरी निवडली, गरज नव्हती तरी. शेजारणी यायच्या, पेटीकडे पाहायच्या, "काही देत नाही का व त्याले?" विचारायच्या. "नाही" म्हटलं की एकमेकींकडे पाहायच्या. आयुष्यभर या घरातून कोणी उपाशी गेलं नाही आणि आता मी एका जिवाला मुद्दाम उपाशी ठेवून राहिली, हे त्यांना दिसत होतं. समजावून सांगायची मला ताकद नव्हती.

तुझाही फोन त्याच दिवसांत आला. तू म्हणाली, "बाई, मरायचा असंल तर घरात कायले मरू देते? इटियाडोह धरणाकडच्या जंगलात नेऊन सोडून दे." मी तुझ्यावर चिडली नाही, कारण एक घटकाभर माझ्याही मनात ते आलं. सोडला आणि पळाला म्हणून सांगितलं की सुटली. पण थंडीत तो तिथे दोन दिवसही जगला नसता, आणि परदेशी जीव असा आपल्या जंगलात सोडायचाही नसतो. मी तुला "हो, पाहते" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून तू समजते की तू तसं बोलली म्हणून मी रागावली. तसं नाही.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यात लहान उंदीर काढला, माझ्या अंगठ्याएवढा. कोमट केला, पुसला. चिमटा पुढे धरला. त्यानं जीभ काढली, वास घेतला आणि डोकं फिरवलं. कागदात लिहिलं होतं तसं मी उंदीर उचलून घेतला. पुन्हा पुढे केला नाही. माझा हात तसा चिमट्यावरच राहिला होता, पण मी केला नाही. खोलीचं दार ओढून घेतलं आणि पोट्टीला कळवलं. ती म्हणाली, सहा दिवस थांब.

सहा दिवसांनी पुन्हा तसाच लहान उंदीर. या वेळी तो डोकं उचलून माझ्या बाजूनं सरकला. मान मागे घेतली. त्यानं घेतला, पण वेढे सैल, आधीसारखे नाहीत. गिळायलाही त्याला वेळ लागला. मग एक जांभई.

दोन दिवस मी त्या खोलीत पाणी बदलण्यापुरतीच गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी दारातून आधी वास घेतला. वास नव्हता. फुगवटा होता तो गेलेला, म्हणजे पुढे सरकून पसरलेला. पाचव्या दिवशी तर काहीच दिसत नव्हतं. पण मला धीर आला नाही, कारण मी आयुष्यभर लेकरांची पोटं पाहिली आहेत. वरून काय गेलं त्यापेक्षा खालून काय आलं ते खरं. एवढ्या बाबतीत तो आणि लेकरं सारखीच.

नवव्या दिवशी त्यानं शी केली. तपकिरी, घट्ट, बाजूला पांढरा खडूसारखा तुकडा. तो पांढरा तुकडा त्यांचा लघवीचा असतो, पांढरा असला म्हणजे चांगलं. मी फोटो काढून पोट्टीला पाठवला, त्याच दिवसाचा, यंत्रावरचे आकडे दिसतील असा.

तिचा फोन आला. "आजी, मी मेसमध्ये जेवत होती. सगळ्यांसमोर उघडला."

"मंग काय झालं?"

"काही नाही. समोरची पोरगी ताट घेऊन उठली."

आणि ती हसायला लागली. महिनाभरानंतर पहिल्यांदा.

त्यानंतर लहान-लहान करत तो नेहमीच्या उंदरावर आला. पौषात पोट्टी दोन दिवसांची सुट्टी काढून आली, त्याला न्यायच्या तयारीनंच. मी तिची पिशवी पाहिली. तिनं त्याला उचललं, पाठीवरून बोट फिरवून कणा पाहिला, तोंड उघडून घसा पाहिला, तराजूवर ठेवला. मी चहा ठेवायला आत गेली, कारण तिथे उभं राहवेना.

ती स्वयंपाकघरात आली. "आधीपेक्षा कमी हाय वजन. पण भरून येऊन राहिला."

"नेते का?"

"आता हलवला तर पुन्हा बिघडंल त्याचं पोट. उन्हाळा लागला की नेईन." मग चहाचा कप घेत म्हणाली, "तोवर तू हायेसच."

मला एवढंच पाहिजे होतं. पुढचा उंदीर तिनं मला द्यायला लावला आणि स्वतः मागे उभी राहून पाहत होती. दिल्यावर मी दार ओढून घेतलं, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली.

समोरच्या सुनेचं लेकरू अजून येते. त्याचं पोट मी चोळते, त्याला चालते. पण त्याची आई म्हणाली की आता लगेच पाजू का, तर मी म्हणते, थोडं थांब, त्याला रडून मागू दे.

तर असं आहे. आता तू ये. येत्या आठवड्यातच ये, उगीच पुढे ढकलू नको. सकाळच्या गाडीनं बसली तर जेवायला इथे पोचशील. पोपटाच्या शेंगा आल्या आहेत, वांग्यात घालून ठेवते. फक्त मंगळवार सोडून ये. येत्या मंगळवारी त्याचा जेवायचा दिवस आहे, आणि नंतरचे दोन दिवस मी कोणालाच त्या खोलीत घेत नाही, तुलाही नाही. शुक्रवारी ये म्हणजे आत येऊन त्याला पाहता येईल, आणि मुक्कामाचे कपडे घेऊन ये.